जुन्या ट्रकची कूलिंग सिस्टीम धुताना आत गेलेले आणि बाहेर आलेले पाणी मोजावे

जत तालुक्यातील एका मालक-चालकाने विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. त्यांच्याकडे ६९७ इंजिनाची, सहा टायरची जुनी टाटा आहे. हंगामात ती ऊस ओढते आणि एरवी मिळेल तो माल वाहते. सपाटीला तापमानाचा काटा जागेवर असतो, परंतु पुण्याहून भरून येताना खंबाटकीच्या चढाला तो लाल पट्ट्याकडे सरकतो. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचेच पाणी घातले गेले असून आता ते काळ्या चहासारखे झाले आहे. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची तापमानाने उघडणारी झडप, काढून टाकण्याचा, तर दुसऱ्याने ॲसिड मारण्याचा सल्ला दिला आहे. घरच्या अंगणात हे काम नीट कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

कराडजवळ हमरस्त्यालगत मी तीस वर्षांहून अधिक काळ मालगाड्यांची कामे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हे काम अंगणात होण्यासारखे आहे, मात्र त्यासाठी दोन पूर्ण दिवस आणि खुणा केलेली एक बादली हवी. दहा लिटरच्या पारदर्शक कॅनला किंवा बादलीला लिटरलिटरच्या रेघा मारून घ्याव्यात. गाडीतून किती पाणी बाहेर आले आणि आत किती गेले हे लिहून ठेवल्याशिवाय या कामातले काहीच समजत नाही, आणि बहुतेक बिघाड नेमके तिथेच होतात.

धुण्याआधी गाडी नक्की कशामुळे तापते ते पाहावे. सपाटीला ठीक आणि चढावर गरम, या लक्षणाचा अर्थ दर वेळी आतून साचलेले क्षार असा नसतो. चढावर गाडीचा वेग कमी आणि इंजिनावरचा भार जास्त असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा जवळजवळ सगळी पंख्याकडूनच येते. म्हणून फॅन बेल्टचा ताण, पंख्याच्या पात्यांची स्थिती आणि पंख्याभोवतीचे कव्हर जागेवर आहे की काढून फेकले आहे, हे आधी तपासावे. तुमची गाडी उसाच्या फडात जाते हे लक्षात घेता रेडिएटरची जाळी पाचटाच्या तुसाने आणि मातीने भरलेली असण्याची शक्यता मला मोठी वाटते. ही जाळी पुढून पाइप धरून धुतली तर कचरा आणखी आत बसतो. ती इंजिनाच्या बाजूने, बेताच्या दाबाने, बाहेरच्या दिशेने धुवावी लागते. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने तांब्याच्या नाजूक पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची अडते.

दुसरी तपासणी हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या पॅकिंगची. गार इंजिनावर झाकण उघडे ठेवून गाडी सुरू करावी. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर पाणी तापण्याच्या आतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबाखालचा वायू, पाण्यात शिरते आहे असे समजावे. अशा गाडीला कितीही वेळा धुतले तरी उपयोग नाही. तिसरी गोष्ट झाकणाची, कारण रेडिएटरचे झाकण म्हणजे केवळ बूच नव्हे. त्यातली स्प्रिंग यंत्रणेत दाब धरून ठेवते. अर्धा बार, म्हणजे सुमारे ७ पौंड दाब धरणारे झाकण असेल तर समुद्रसपाटीला साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाचे रबर कडक होऊन दाब सुटू लागला की ही सगळी सवलत संपते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. खराब झाकणाची गाडी पसरणीचा घाट चढताना वाफ का मारते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. झाकण नवे घ्यावे, परंतु त्यावरचा दाबाचा आकडा गाडीच्या पुस्तकातलाच असावा. जास्त दाबाचे झाकण बसवले तर जुन्या रेडिएटरच्या सांध्यांवरचे शिशाचे टाके उसवतात.

हे सगळे ठीक निघाले तर मग आतील क्षार आणि गंज यांच्याकडे वळावे. बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटते आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा कडक थर, सर्वांत गरम पृष्ठभागावर बसते. इंजिनात तो पृष्ठभाग हेडच्या आतील बाजूचा आणि सिलिंडरच्या वरच्या भागाचा असतो. ओतीव लोखंडाच्या तुलनेत हा थर उष्णता साधारण वीस-पंचवीस पट कमी वाहून नेतो, त्यामुळे एक मिलिमीटर थर बसणे म्हणजे मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे लोखंड वाढवल्यासारखे होते. काट्याचा सेन्सर पाण्याचे तापमान दाखवतो, धातूचे नाही. म्हणून काटा मध्यावर असतानाही हेड आतून भाजून निघत असू शकते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट सांगतो की तो पाळू नये. थर्मोस्टॅट पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो, आणि या जातीच्या इंजिनांत तो उघडताना त्याची खालची चकती बायपासची वाट बंद करत जाते. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनातच फिरतो. परिणामी सकाळी इंजिन तासभर थंड राहून डिझेल खाते आणि ऑइल खराब करते, तर घाटात उलट जास्त तापते. तुमचा थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे चुलीवरच्या पातेल्यात पाहता येते. त्याला दोऱ्याने पाण्यात टांगावे, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि त्यावर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडू लागतो का ते पाहावे. उघडत नसेल किंवा अर्धवटच उघडत असेल तर नवा घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी, सुरुवात करावी. गरम झाकण उघडल्याने भाजलेले हात आणि चेहरे मी इतके पाहिले आहेत की घाईत असलेल्या माणसाला मी गाडीजवळ उभेही करत नाही. ब्लॉकच्या अंगाचा पाणी सोडण्याचा प्लग पुष्कळ वर्षे उघडलेला नसेल तर आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, हातोडा मारू नये. रेडिएटरखालचा कॉक आणि ब्लॉकचा प्लग असे दोन्ही उघडावेत. केवळ कॉक उघडून समाधान मानणाऱ्याच्या इंजिनात बरेच जुने पाणी तसेच राहते. प्लग काढल्यावरही पाणी येत नसेल तर आत गंजाचा गाळ बसलेला आहे, तो बाइंडिंग तारेने कोचून मोकळा करावा. पंपापासून सर्वांत लांब असलेल्या सिलिंडरभोवती, म्हणजे तुमच्या गाडीत सहाव्या सिलिंडरच्या अंगाला, हा गाळ जास्त जमतो. (६९७ या आकड्याचा उलगडा पुष्कळांना ठाऊक नसतो. त्याचा अर्थ सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास असा आहे, आणि त्याचप्रमाणे ४०७ गाडीतले ४९७ म्हणजे त्याच व्यासाचे चार सिलिंडर.)

बाहेर आलेले पाणी मोजून लिहावे आणि पुस्तकातील एकूण क्षमतेशी ताडून पाहावे. समजा पुस्तकात २० लिटर लिहिले आहे आणि बाहेर १३ लिटर आले. तर उरलेले ७ लिटर एक तर कुठे तरी अडकले आहेत, किंवा गाडी आधीच कमी पाण्यावर चालत होती, किंवा त्यांची जागा गाळाने आणि क्षारांनी घेतली आहे. या तिन्ही शक्यतांचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि न मोजणाऱ्याला त्यातली एकही दिसत नाही.

पुढची परीक्षा रेडिएटरची. खालचा होज काढून, थर्मोस्टॅटच्या बाजूचा वरचा होजही सोडवून, रेडिएटरच्या तोंडातून बादलीभर पाणी एकदम ओतावे. ते जवळजवळ ओतल्याच्या वेगाने खालून धबकन बाहेर पडले पाहिजे. तोंडाशी तुंबून हळूहळू झिरपत असेल तर नळ्या बंद झाल्या आहेत, आणि कोणतेही औषध त्यांना पुरेसे मोकळे करणार नाही. अशा वेळी रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्यावा, त्याच्याकडून वरची टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून घ्यावा आणि टाके नव्याने भरून घ्यावेत. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची हीच तर जमेची बाजू आहे. होज पाइप याच वेळी पाहावेत. खालच्या पाइपाला पंपाची ओढ असते आणि तो मऊ पडलेला असेल तर चढावर चिमटून पाणी अडवतो. त्याच्या आत मुळात स्प्रिंग असेल तर ती गंजून गळून गेलेली नाही ना, हेही पाहावे.

साध्या पाण्याने दोनदा धुतल्यावर औषधाचा विचार करावा. बाजारातले ॲसिड, म्हणजे संडास साफ करायला वापरतात ते, या यंत्रणेत कधीही घालू नये. ते चुना खाते हे खरे, परंतु त्याच झपाट्याने ते शिशाचा टाका, ॲल्युमिनियमची थर्मोस्टॅटची डबी आणि लोखंडही खाते. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियमला तितकाच वाईट. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर आधी धुण्याचा सोडा वापरावा, कारण तेलकट थराखालच्या चुन्याला पुढचे औषध शिवतच नाही. लिटरला सुमारे ५० ग्रॅम सोडा गरम पाण्यात विरघळवून भरावा, गाडी अर्धा तास चालवून गरम ठेवावी, मग ते सोडून देऊन भरपूर पाण्याने धुवावे.

चुन्यासाठी मी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरतो. जुन्या रेडिएटरला लिटरला ५० ग्रॅमच्या पुढे जात नाही. ते बादलीत पूर्ण विरघळवूनच ओतावे, कारण खडे आत गेले तर नळीत अडकतात. धुण्यापुरता थर्मोस्टॅट बाहेर काढून ठेवलेला असल्याने इंजिन तापायला वेळ लागतो, म्हणून रेडिएटरपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा लावून पाणी ८० अंशांच्या आसपास न्यावे आणि तिथे अर्धा ते पाऊण तास धरावे. चुन्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि फेस येतो, त्यामुळे झाकण घट्ट लावू नये आणि तोंडावर वाकूनही पाहू नये. थर जाड असेल तर औषधाचे प्रमाण वाढवण्याऐवजी कमी प्रमाणात दोनदा धुवावे. यामागे कारण आहे. लिंबूसत्त्व आणि चुना यांच्यापासून होणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि एकाच वेळी फार तयार झाले तर तेच पांढरा साका होऊन खाली बसते. रात्रभर औषध आत ठेवण्याचा मोह टाळावा.

औषध सोडल्यावर धुणे सुरू होते आणि लोक इथेच कंटाळतात. आता पाणी उलट दिशेने सोडावे, म्हणजे रेडिएटरला खालून वर आणि इंजिनाला थर्मोस्टॅटच्या तोंडातून खाली. रोजच्या प्रवाहाने ज्या बाजूला गाळ दाबून बसवला आहे, त्याच्या विरुद्ध बाजूने तो सुटतो. पाणी स्वच्छ दिसू लागल्यावर लिटरला १० ग्रॅम धुण्याच्या सोड्याचे पाणी पाच मिनिटे फिरवून उरलेले आम्ल मारावे आणि पुन्हा धुवावे. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, तपासण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात पट्टीचा रंग सारखा दिसेपर्यंत धुणे थांबवू नये. या धुण्यासाठी तुमचे बोअरचे पाणी चालेल, शेवटचा हात मात्र चांगल्या पाण्याचा हवा.

एक इशारा आधीच दिलेला बरा. कधीकधी धुतल्यानंतर रेडिएटर, पंपाचे सील किंवा ब्लॉकचा कोअर प्लग, म्हणजे त्याच्या अंगाचे पत्र्याचे बूच, गळू लागतो, आणि मालक औषधाला दोष देतो. वास्तविक ते छिद्र आधीच पडलेले असते, चुन्याने ते बुजवलेले असते. अशा वेळी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची आपल्याकडे, विशेषतः हळदीच्या बाजारपेठेचा अभिमान बाळगणाऱ्या सांगलीकडे, जुनी रीत आहे. रस्त्यात अडकलेल्या गाडीला घरापर्यंत आणण्यासाठी ती क्षम्य आहे, परंतु नुकत्याच मोकळ्या केलेल्या नळ्यांत हळदीचा लगदा भरणे म्हणजे दोन दिवसांचे काम पाण्यात घालणे होय. गळती शोधून टाका मारून घ्यावा.

आता भरणे. जतला बर्फ पडत नाही, मग कूलंट, म्हणजे पाणी गोठू न देणारे आणि गंज रोखणारे द्रव, कशाला, असे विचारले जाते. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ नाहीच, कडक थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठते, तेवढाच काय तो अपवाद. आपल्याला कूलंट हवे ते त्यातल्या गंजरोधक द्रव्यांसाठी. ही द्रव्ये पुरेशी राहण्यासाठी कूलंटचे प्रमाण साधारण एक तृतीयांशापेक्षा खाली जाऊ नये, आणि अर्ध्याच्या वर नेण्याची आपल्या हवामानात गरज नाही. कूलंटमधला मुख्य घटक ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे जास्त कूलंट म्हणजे जास्त गारवा हा समज चुकीचा आहे. रंगावरून कूलंट ओळखू नये, कारण हिरवा, निळा, गुलाबी हे रंग कंपनीच्या मर्जीचे असतात. डब्यावर आयएस ५७५९ हे भारतीय मानक आहे का आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरला ते चालते असे लिहिले आहे का, हे वाचावे. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत.

विकत घेताना तयार मिश्रण न घेता घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेले, कूलंट घ्यावे. कारण पुन्हा तेच मोजमापाचे. कितीही निथळले तरी धुण्याचे दोन-चार लिटर पाणी ब्लॉकमध्ये राहतेच, आणि तयार मिश्रण त्यात पडले की पातळ होते. समजा एकूण क्षमता २० लिटर आहे आणि तुम्हाला ४० टक्के हवे आहे. तर आधी ८ लिटर घट्ट कूलंट ओतावे आणि मग भरेल तितके पाणी वरून घालावे. आत राहिलेले पाणी आपोआप हिशेबात येते.

हे वरचे पाणी बोअरचे असता कामा नये, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. बॅटरीवाल्याकडे कॅनने मिळणारे डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी सर्वांत चांगले. ते नसेल तर गच्ची धुऊन निघाल्यावर पडलेले, स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी, आणि तेही नसेल तर आरओचे. म्हैसाळच्या कालव्याचे पाणी तुमच्या बोअरपेक्षा मऊ असेल, पण ते गाळाचे असते. पाणी उकळून गार करून वापरले तर चालेल का, असेही विचारतात. उकळल्याने बायकार्बोनेटचा चुना खाली बसतो, पण क्लोराइड आणि सल्फेट तसेच राहतात, आणि गंजासाठी क्लोराइड पुरेसे असते. म्हणून तो अर्धाच उपाय आहे.

थर्मोस्टॅट बसवताना त्याच्या कडेला असलेले बारीक छिद्र वरच्या अंगाला ठेवावे, म्हणजे अडकलेली हवा त्यातून निघते. नवे गॅस्केट घालावे. गाडी पुढून किंचित उंच उभी करावी आणि पाणी बारीक धारेने ओतावे. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून सलग पाणी येईपर्यंत तो उघडा ठेवावा. मग झाकण न लावता इंजिन मंद गतीवर चालू ठेवावे. वरचा होज एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला, पातळी खाली जाईल, ती भरत राहावी आणि तोंडापासून बोटभर खाली ठेवून झाकण लावावे.

हे मी इतके ठासून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. उमेदवारी संपवून नुकताच स्वतंत्र झालो होतो. धुतलेल्या गाडीत भराभर पाणी ओतले, तोंडापर्यंत आले, झाकण लावले आणि गाडी साताऱ्याकडे सोडली. किती लिटर गेले हे विचारायला कोणी नव्हते. हेडमध्ये हवा अडकली होती. उंब्रज येईपर्यंत गॅस्केट गेले, आणि काटा मात्र शेवटपर्यंत शांत होता, कारण त्याच्या सेन्सरपाशी पाणीच नव्हते, वाफ होती. नंतर हिशेब केला तेव्हा २१ लिटरच्या जागी जेमतेम १६ गेले होते. बादलीवर रेघा मारण्याची सवय त्या दिवसापासून लागली.

निघालेले जुने कूलंट मिश्रित पाणी उकिरड्यावर, ओढ्यात किंवा गोठ्याच्या बाजूला टाकू नये. ग्लायकॉल गोडसर असते, कुत्री आणि शेळ्या ते चाटतात आणि त्याच्या विषाने दगावतात. बंद कॅनमध्ये साठवून जुने ऑइल जिथे देता तिथेच ते घेतात का, याची चौकशी करावी.

पहिल्या फेरीनंतर गाडी रात्रभर गार होऊ द्यावी आणि सकाळी पातळी पाहावी. अर्धा-एक लिटर उतरली तर ती उरलेली हवा निघाल्याची खूण आहे, तेवढे त्याच मिश्रणाने भरावे आणि वहीत लिहावे. पुढचे पाच-सहा दिवस रोज सकाळी पाहावे. पातळी स्थिर झाली आणि खंबाटकीला काटा जागेवर राहिला, तर काम झाले. कुठेही गळती दिसत नाही, खाली थेंब नाही, तरी वहीत रोज अर्धा लिटर कमी होताना दिसते आहे, तर ते पाणी सिलिंडरमार्गे सायलेन्सरमधून जाते आहे. मग हेड उतरवावे लागेल, आणि ते काम अंगणातले नाही.